सगळं व्यवस्थित, साहेब

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जिन्यात कुणी कचऱ्याची पिशवी ठेवली की तोफ. पाणी दोन दिवस गढूळ आलं की तोफ. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासून चौकटीत बसवायची, पण एखादं गिऱ्हाईक फारच हुज्जत घालायला लागलं की मालक दारातून नुसती मान वळवत आणि तोफ बाहेर येई. मालकांना मग काही बोलावं लागत नसे.

अशी ही बाई गेलं दीड वर्ष स्वतःच्या घरात कुजबुजत बोलत होती. वडिलांना झटका आला, डावी बाजू गेली, आणि तेव्हापासून मोठा आवाज झाला की ते दचकत. दचकले की हातातलं सांडत आणि सांडलं की दिवसभर ओशाळून बसत. म्हणून तोफेने घरापुरती दारू काढून ठेवली होती. ती सगळी बाहेर उडायची, एवढंच.

वडील नगरपालिकेच्या सभागृहाचे शिपाई होते. उभं आयुष्य त्यांनी त्या एका दाराशी काढलं, आणि ‘उभं’ हे इथे शब्दशः घ्यायचं, कारण सभा चालू असताना शिपायाने बसायचं नाही असा तिथला रिवाज. अंगात निळा कोट, त्याला पितळी बटणं. अध्यक्ष येताना दार उघडायचं, पुकारा करायचा, आणि बोलणाऱ्याची वेळ संपली की टेबलावरची घंटी वाजवायची. कुणीही काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, “सगळं व्यवस्थित, साहेब.” छत गळत असलं तरी व्यवस्थित. दोन सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले तरी व्यवस्थित. बायको गेली आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले, तेव्हा कुणीतरी हळहळत चौकशी केली. त्यालाही त्यांनी हेच सांगितलं. तोफ तेव्हा शाळेत होती. घरी आल्यावर हाच माणूस मोरीत नळ सोडून रडताना तिने ऐकला होता, त्यामुळे ‘व्यवस्थित’ या शब्दाशी तिचं तेव्हापासूनच वाकडं होतं.

झटक्यानंतरचे पहिले काही महिने तोफेच्या नाकी नऊ आले. त्यांना उठवायचं, संडासला न्यायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. आणि हे सगळं एकटीने. मग नगरपालिकेने, करून तर बघू म्हणून, एक योजना काढली. ज्या घरात असं माणूस आहे तिथे नगरपालिकेच्या खर्चाने रोज सकाळी अर्धा दिवस एक मदतनीस येणार. तोफेकडे ज्या आल्या त्या वयाने तिच्यापेक्षा लहान होत्या, पण हे काम मावश्यांचं, म्हणून त्या मावशी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला वडिलांना खुर्चीत बसवायचं कसं ते दाखवलं. समोर उभं राहायचं, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा, दोन्ही हातांनी कंबरेचा पट्टा मागून धरायचा, त्यांना पुढे वाकू द्यायचं आणि मग हळूहळू खाली. हात धरून ओढायचं कधीच नाही. हे काम दोघींनी केलं तर सोपं, एकटीने केलं तर जेमतेम.

मावशी आल्या की तोफ दुकानात जाई, मावशींची निघायची वेळ झाली की परत येई. घरात पुन्हा माणसासारखं चालू झालं. दुपारी ती वडिलांना पेपर वाचून दाखवी आणि पेपरातल्या प्रत्येक बातमीवरून दोघं भांडत. त्यांची जीभ जड झाली होती, एकेक वाक्य वळवायला वेळ लागे, पण भांडणाला कुठे घाई असते!

आणि मग येत्या एक तारखेपासून योजना बंद होणार अशी कुणकुण लागली.

का, तर गावाबाहेर नगरपालिका नवं वृद्धनिवास बांधत होती. पांढरीशुभ्र इमारत, पुढे बाग, दारावर लावायची पाटी तर आधीच कोरून तयार. पैसा सगळा तिकडे हवा होता. तिथे माणूस ठेवलं तर सगळा खर्च नगरपालिकेचा, घरी ठेवलं तर तुमचं तुम्ही बघा. इमारतीचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. म्हाताऱ्याला पट्ट्याला धरून खुर्चीत बसवण्याचं उद्घाटन कुणी करत नाही. खरं घोडं तिथेच अडलं होतं, पण नगरपालिकेच्या समितीच्या कागदात त्याला ‘सुसूत्रीकरण’ म्हटलं होतं.

जुन्या वृद्धनिवासात वडिलांचा जोडीदार होता, सभागृहाची झाडलोट करणारा. महा बोलका माणूस. तिथे गेल्यावर तो हळूहळू बोलणंच विसरला, कारण बोलायला कुणी नव्हतं. जेवण वेळेवर, चादरी स्वच्छ, आणि भिंतीकडे तोंड. झटक्याआधी त्याला भेटून आले त्या संध्याकाळी वडील तोफेला म्हणाले होते, “पोरी, मला तिकडे नेऊ नकोस.” आयुष्यात त्यांनी तिच्याकडे दुसरं काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. तिने त्यांना शब्द दिला होता.

दुकानाचे मालक वाईट नव्हते. “अर्धा दिवस येतेस ते मी चालवून घेतो,” ते म्हणाले, “पण तेवढंही जमणार नसेल तर मला दुसरं माणूस बघावं लागेल गं.” म्हणजे हिशोब सरळ होता. मावशी गेल्या की नोकरी गेली, नोकरी गेली की भाडं गेलं, आणि भाडं गेलं की वडील त्या पांढऱ्या इमारतीत. परगावच्या भावाला तिने फोन केला तर तो म्हणाला, “अगं, पण इमारत छान आहे म्हणतात. बागसुद्धा आहे.”

“मग तू जाऊन राहा,” तोफ म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

निर्णयाआधी नागरिकांचं म्हणणं ऐकायला समितीने सभा ठेवली. ज्याला बोलायचं असेल त्याने यावं, प्रत्येकाला तीन मिनिटं. दिवस कामाचा, वेळ सकाळची. तोफ घरोघर फिरली. जिथे जिथे मदतनीस यायची तिथे तिथे गेली, आणि प्रत्येक दारात तिला एकच उत्तर मिळालं. “यायचं तर आहे गं, पण यांना सोडून येऊ कशी?” एका घरात सासूला भरवता भरवता सून हे म्हणाली, एका घरात नवऱ्याला एका हाताने सावरून धरलेली बायको. तोफ त्यांच्यावर चिडूही शकली नाही. जे बोलू शकले असते त्या सगळ्यांचे हात कुणाच्या तरी काखेखाली अडकलेले होते.

मावशींनी सभेला येईन म्हणून सांगितलं होतं. म्हणजे घरी वडिलांपाशी कुणी नाही. तेव्हा तोफेच्या डोक्यात आलं की त्यांनाच न्यावं. ज्या दाराशी माणसाने जन्म घालवला त्या दारात तो चाकाच्या खुर्चीत बसून आला, तर ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती होईल? तिने वडिलांना सांगितलं, “बाबा, उद्या तुमच्या सभागृहात जायचंय.”

झटका आल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळलेला तिने पाहिला नव्हता. ते म्हणाले, “कोट काढ.”

इथेच चूक झाली, आणि अशी चूक फक्त मायेची माणसंच करतात. सकाळी दोघींनी मिळून त्यांची दाढी गुळगुळीत केली, केस चापून बसवले, बूट चमकवले. बटणं तोफेने दुकानातल्या काचेच्या फडक्याने पुसली. मावशी कुरकुरल्या, “अहो ताई, इतकं नटवून नेताय, ते म्हणतील माणूस ठणठणीत आहे.”

“असू दे हो. किती दिवसांनी आरशात बघतायत.”

डायपरची वेळ आली तेव्हा वडिलांनी चांगला हात आडवा धरला. “ते घालून सभागृहात नाही जायचं.”

“बाबा, वेळ लागेल तिथे.”

“नाही म्हणजे नाही.”

तिने ऐकलं. चारचौघांत जाताना माणूस नीटनेटका न्यायचा हेच तिला त्यांनी शिकवलं होतं. आपल्या घरातली दुर्दशा नीट दिसावी म्हणून ती मांडून न्यावी लागते, हे कुणी शिकवलं नव्हतं.

सभागृह होतं तसंच होतं. लाकडी कठडा, लाल गालिचा, भिंतीवर जुन्या अध्यक्षांच्या तसबिरी. नागरिकांच्या खुर्च्या मात्र जवळजवळ सगळ्या रिकाम्या. समितीतले एक गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, आणि माईक चालू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं, “बघा, मागणीच नाहीये या गोष्टीला.” तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वडील शेजारी होते, म्हणून तिने ओठ चावला.

दार उघडलं. नव्या शिपायाने पुकारा केला, “अध्यक्ष येत आहेत!”

आणि वडील उभे राहिले. घरी त्यांना उठवायला दोन बायका लागत. इथे त्यांनी उजव्या हाताने कठडा पकडला, दात आवळले आणि स्वतःला उपसून उभं केलं.  अध्यक्ष स्थानापन्न झाले, सगळे बसले, वडील उभेच. तोफेने त्यांच्या कमरेला हात घातला तर ते दबक्या आवाजात खेकसले, “सभा चालू आहे.”

अध्यक्षांची नजर त्यांच्यावर गेली. हे अध्यक्ष कोवळे सदस्य म्हणून आले होते तेव्हा पहिल्या भाषणात त्यांना घाम फुटला होता, आणि वडिलांनीच गुपचूप पाण्याचा पेला पुढे केला होता. ते हसले. “अरे, आपले काका! काका, कसे आहात?”

“सगळं व्यवस्थित, साहेब,” वडील म्हणाले. शब्द जड आला, पण अख्खा आला.

“काही अडचण?”

“काही नाही, साहेब.”

तोफेला वाटलं, आपण इथेच खाली बसावं आणि डोकं धरावं. तिच्या सगळ्या भाषणावर तिच्याच बापाने पाणी ओतलं होतं. आणि अध्यक्ष तर आता रंगात आले. “पाहा,” ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, “हे आमचे काका. इतकं मोठं दुखणं होऊनही कसे ताठ उभे आहेत! याला कारण त्यांच्या शेजारची ही लेक. हिने वडिलांना फुलासारखं जपलंय. अशी माया घरोघरी असेल तर मदतनिसांची गरजच काय? मायेला नगरपालिकेचा पैसा लागत नाही.” समितीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी, अगदी मनापासून.

लुटणारा माणूस निदान पाठ थोपटत नाही. हे पाठ थोपटून लुटत होते.

“बोला ताई,” अध्यक्ष म्हणाले. “तीन मिनिटं आहेत तुम्हाला.”

तोफ माईकपाशी गेली. घरून लिहून आणलेलं तिने काढलंच नाही. “टाळ्या नकोत,” ती म्हणाली, आणि दीड वर्ष घरात दाबून ठेवलेला आवाज त्या सभागृहात उठला. “माया आहेच. माया आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही हात झटकताय. ही बाई बापाला टाकणार नाही, मरेपर्यंत करील, मग कशाला द्या? एका खाटेवर तुम्ही तिकडे जेवढं घालणार आहात तेवढ्यात चार घरांत मदतनीस येते, हे तुमच्याच कागदात लिहिलंय. तरी तुम्हाला खाटच हवी. या रिकाम्या खुर्च्या दिसतात ना? या बघून मागणी नाही असं म्हणताय? अहो, यात बसायला हवी होती त्या माणसांना घरातून निघता आलं असतं तर त्यांना तुमची गरजच पडली नसती!”

“ताई, भावना समजतात...”

“भावना नाही सांगत मी. काम सांगतेय. हे माझे वडील. तुम्ही आत आलात तेव्हा उभे राहिले, कारण तुम्ही आत आलात. त्यांना आता बसता येत नाहीये. तेव्हापासून ते बसूच शकलेले नाहीत. साहेब, तुम्ही यांचं पाणी प्यायलायत. तुमचीही माया असेलच. मग या खाली, आणि यांना बसवा.”

 वडिलांचा गुडघा थरथरत होता आणि त्याबरोबर कठडा बारीक आवाज करत होता. “मी हात लावणार नाही,” तोफ म्हणाली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मावशी अर्धवट उठल्या. “मावशी, बसा! एक तारखेपासून तुम्ही नसणारच आहात. साहेबांना सवय होऊ दे.”

हे बोलताना तिने वडिलांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्याच्याने ते झालं नसतं.

अध्यक्ष उतरून आले. सगळ्यांसमोर न येऊन सांगतात कुणाला? त्यांनी वडिलांचा डावा हात धरला, गेलेला हात, आणि खुर्चीकडे ओढला. “या काका, बसा.” वडील म्हणाले, “साहेब, आपण कशाला... मी...” ते एका बाजूला कलंडले. अध्यक्षांनी आणखी ओढलं. वडिलांचा चेहरा वेदनेने आकसला, पण तोंडातून हूं की चूं नाही. आणि मग त्यांच्या पँटीवर ओल पसरली, खाली उतरली, चमकवलेल्या बुटावरून लाल गालिच्यावर आली. अध्यक्षांनी चटकन हात सोडला आणि मागे होऊन स्वतःच्या बुटाकडे पाहिलं.

वडील पडत होते. तोफेचे हात पाठीमागून कधी सुटले ते तिलाही कळलं नाही. गुडघ्याला गुडघा, पट्ट्याला हात, दुसऱ्या बाजूने मावशी, पुढे वाका बाबा, वाका, आणि हळूच खाली. ते खुर्चीत बसले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात घंटी वाजली. तिची तीन मिनिटं संपली होती.

अध्यक्षांनी सभा थोड्या वेळासाठी तहकूब केली, ती गालिचा पुसण्यासाठी. नंतर कळलं की निर्णय शुक्रवारपर्यंत राखून ठेवला. तोफ तोवर वडिलांना घेऊन रस्त्याला लागली होती.  घरी आल्यावर ती त्यांचे कपडे बदलायला गेली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. “मावशींना सांग.”

तिने मावशींना सांगितलं आणि स्वतः मोरीत जाऊन कोट भिजवला. नळ सोडून ती तिथेच बसली. आपण बरोबर केलं असं तिला वाटत होतं, आणि आपल्या तोंडात कुणीतरी दोन ठेवून द्याव्यात असंही वाटत होतं.

 दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पेपर उघडला, मोठ्याने बातमी वाचली, मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलली. ते भांडले नाहीत. म्हणाले, “मला विचारलं नाहीस.”

“काय बाबा?”

“मला तिथे... तसं... उभं ठेवायच्या आधी. विचारायचं होतंस.”

“तुम्ही हो म्हणाला असतात?”

“ते माझं मी बघितलं असतं.” दम खाऊन ते पुढे म्हणाले, “खाट देताना ते विचारत नाहीत. तू पण विचारलं नाहीस.”

तोफेने पेपराची घडी घालून तो बाजूला ठेवला. 

गुरुवारी संध्याकाळी फोन आला. खुद्द अध्यक्ष. आवाजात साखर. कुणीतरी सभेतला प्रकार मोबाइलवर टिपला होता आणि तो आता गावभर फिरत होता. “ताई, झालं ते वाईट झालं. मला रात्रभर झोप नाही. मी ठरवलंय, काकांसाठी आपण नव्या इमारतीत खास सोय करायची. खिडकीपाशी खाट, बागेकडे तोंड, रांगेत सगळ्यांच्या आधी. माझ्या शब्दावर. तुम्ही फक्त एवढंच सांगा की त्या दिवशी त्यांची प्रकृती अचानक बिघडली होती. त्याचा मदतीशी काही संबंध नाही.”

तोफेच्या घशाशी जे आलं ते लिहिण्यासारखं नव्हतं. तिने तोंड उघडलंही. मग तिची नजर वडिलांकडे गेली. ते तिच्याकडेच बघत होते. तिने उघडलेलं तोंड मिटलं, फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणाली, “साहेब, हे त्यांनाच विचारा.”

फोन तिने त्यांच्या तोंडापाशी धरला.

“काका! कसे आहात? सगळं व्यवस्थित ना?”

वडिलांचे ओठ हलले. तोफेला ते उत्तर पाठ होतं. तिने डोळे मिटले.

“नाही, साहेब,” वडील म्हणाले.

तोफेने डोळे उघडले.

“व्यवस्थित नाही. मला... एकट्याला संडासला जाता येत नाही. मुलगी नेते. तेव्हा ती... तोंड भिंतीकडे करून गाणं गुणगुणते. मला लाज वाटू नये म्हणून. तिला वाटतं, मला कळत नाही. मला कळतं, साहेब.” तोफेने फोन आणखी जवळ धरला. “मावशी येतात तेव्हा... ही माझ्याशी भांडते. पेपर वाचते. लेकीसारखी. मावशी नसल्या की... नुसती हमाल. तिला लेक राहू दे. खाट नको. कुणालाही द्या. पण द्यायच्या आधी... त्याला विचारा.”

“काका, तुम्ही दमला असाल, आपण नंतर...”

“थांबा, साहेब. मी अजून बोलतोय.”

आणि ते बोलत राहिले. एकेक शब्द ओढून काढत, मध्ये थांबत, लाळ पुसत. रात्री कूस बदलायला तिला हाक मारायचं जिवावर येतं आणि पाठ जळत असली तरी मी तसाच पडून राहतो, हे सांगितलं. त्या दिवशी तुम्ही जो हात ओढला तो अजून दुखतो, हेही सांगितलं. उभ्या आयुष्यात साहेबांना एवढं सलग त्यांनी कधी ऐकवलं नव्हतं. पलीकडून नुसता “हं... हं...” येत होता.

शुक्रवारी समितीने योजना सहा महिने चालू ठेवली. सहा महिने! म्हणजे मावशी येणार, दुकान टिकणार, भाडं भरलं जाणार, आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच गालिच्यावर जाऊन सिद्ध करायचं की आपल्या घरातलं माणूस अजून म्हातारंच आहे, मधल्या काळात बरं झालेलं नाही. तोफ घरात येरझाऱ्या घालत होती आणि दीड वर्षांत पहिल्यांदा घरातच तोफ डागत होती. पाट्या कोरणाऱ्यांपासून टाळ्या वाजवणाऱ्यांपर्यंत तिने कुणालाही सोडलं नाही. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि ती दचकून थांबली. वडील दचकले नव्हते. त्यांच्या हातातला पेला जागच्या जागी होता.

“सहा महिन्यांनी पुन्हा जायचं?” त्यांनी विचारलं.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. “तुम्हाला विचारतेय बाबा. जायचं का?”

“जायचं. कोट नको.” त्यांनी पेला तिच्या हातात दिला. “आणि या वेळी मी बोलीन. मला वेळ लागेल. तू फक्त त्या घंटीवाल्याला धरून ठेव.”